जीपचा पाटा वेल्डच्या कडेने का तुटतो, आणि खुर्चीला तो कसा बसवावा

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांना पडवीत बसल्याबसल्या डुलता यावं म्हणून तुम्ही खुर्ची केलीत. खाली एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) चौकोनी पाइपची चौकट, तिच्या मागच्या बाजूला भंगारातून आणलेले जीपचे दोन पाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वेल्ड केलेले, आणि पाट्यांच्या पुढच्या मोकळ्या टोकांवर बसायची जागा. वेल्डिंगचा रॉड नेहमीचा, ६०१३ नंबरचा. महिनाभर सगळं ठीक चाललं आणि मग एक पाटा वेल्डच्या कडेने काडकन तुटला. आता तुम्ही विचारताय की रॉड कुठला घ्यायला हवा होता, आणि गुहागरच्या बाजूला नवं स्प्रिंग स्टील कुठे मिळेल. तुटला तेव्हा वडील खुर्चीत नव्हते हे वाचून जीव भांड्यात पडला.

रॉडबद्दल सांगतोच, पण तुमची खरी अडचण रॉडची नाही. तुम्ही स्वतःच दोन गोष्टी लिहिल्यात त्यातून ते कळतं. वेल्ड शाबूत आहे, पाटा तुटलाय तो वेल्डपासून दोन-तीन मिलीमीटरवर. आणि तुटलेलं तोंड करडं, दाणेदार, चमकणारं आहे, फक्त वरच्या कडेला एक बारीक तपकिरी पट्टी आहे. ती पट्टी म्हणजे गंज. पाटा त्या दिवशी तुटला, पण चीर तिथे आधीपासून होती. खारी हवा आत शिरून गंज धरायला जितका वेळ लागतो तितका काळ वडील त्या चिरेवर बसत होते. उरलेला दाणेदार भाग एका झटक्यात गेला. हाताखालून जाणाऱ्या गाड्यांचे, ट्रॉल्यांचे जे पाटे कुणीतरी वेल्ड करून पाठवलेले असतात, ते हमखास असेच तुटतात. रॉड बदलून त्यात फार फरक पडत नाही.

कारण समजून घ्यायचं तर आधी पाटा म्हणजे काय ते बघू. स्प्रिंग स्टील जास्त लवचीक असतं असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याच मापाची एमएसची पट्टी आणि स्प्रिंग स्टीलची पट्टी एकाच वजनाखाली जवळपास सारखीच वाकतात. फरक वजन उतरवल्यावर कळतो. एमएस साधारण २५० मेगापास्कल ताणाच्या पुढे गेलं की वाकडंच राहतं. नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेला पाटा १,००० च्या पुढे जाऊनही परत आपल्या जागी येतो. हा गुण नुसत्या धातूत नसतो. कारखान्यात तो पाटा साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवलेला असतो आणि मग पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. ही दुसरी पायरी, टेम्परिंग, म्हणजेच पाट्याचा जीव. पाणी उतरलं की पाटा साधी जाड पट्टी होतो, आणि पाणी जास्त चढलं की काच.

वेल्ड मारताना ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. वेल्डला लागून असलेला पाट्याचा भाग लाल होतो, आणि बाकीचा थंड पाटा ती उष्णता क्षणात ओढून घेतो. म्हणजे तेलात बुडवल्यासारखंच झालं, फक्त नंतरचं टेम्परिंग नाही. तिथे दोन-तीन मिलीमीटरची कडक, ठिसूळ पट्टी तयार होते. त्याच्या पलीकडे, जिथे उष्णता पोचली पण लाल होण्याइतकी नाही, तिथलं पाणी उतरतं आणि पाटा मऊ पडतो. ठिसूळ आणि मऊ असे दोन पट्टे शेजारी शेजारी, आणि वर रोज वाकवणारं वजन.

एमएसला हे होत नाही कारण त्यात कार्बन कमी असतो. वेल्डिंगवाले कार्बनबरोबर मँगनीज, क्रोमियम वगैरे धरून एक आकडा काढतात: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियमचा पाचवा भाग. साध्या एमएसचा हा आकडा ०.४ च्या आतबाहेर राहतो, म्हणून ते कुठेही, कसंही वेल्ड होतं. गाड्यांच्या पाट्यांना वापरतात त्या एसयूपी ९ जातीत कार्बन ०.५६ च्या आसपास, मँगनीज आणि क्रोमियम प्रत्येकी ०.८ च्या आसपास. बेरीज जवळजवळ ०.८५ येते. ०.४५ च्या पुढे गेलं की तापवल्याशिवाय वेल्ड करू नये असं आम्ही धरतो. इथे तर त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

आता ६०१३ चा वाटा. त्याच्या लेपात ओलावा असतो, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत जातो आणि थंड झाल्यावर त्या ठिसूळ पट्टीत जाऊन बसतो. त्यामुळे पडणारी चीर वेल्ड संपल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडते. म्हणून काम संपल्यावर हातोडीने ठोकून ‘पक्कं आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर रॉडचं उघडं पाकीट म्हणजे ओला स्पंजच.

तुमच्या खुर्चीत ह्या सगळ्यावर आणखी एक भर पडली. एका टोकाला पकडलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकावर वजन ठेवलं, तर वाकवणारा जोर मोकळ्या टोकाला शून्य असतो आणि पकडीपाशी सगळ्यांत जास्त. तुमचा वेल्ड नेमका त्या सगळ्यांत जास्त जोराच्या जागी आहे.

आकड्यांत बघू. तुमच्या पाट्याचं माप तुम्ही दिलेलं नाही, म्हणून ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड आणि पकडीपासून ३०० मिमी लांब असा धरतो. वडील आणि बसायची जागा मिळून १०० किलो, म्हणजे एका पाट्यावर ५०. टोक साधारण २५ मिमी खाली जाईल आणि पकडीपाशी ५०० मेगापास्कल ताण येईल. एमएसची पट्टी तिथेच वाकडी झाली असती. चांगला पाटा हे सहज सोसतो, पण कुणी धपकन बसलं की तोच ताण दुप्पट होतो. आणि ७०१८ सारख्या चांगल्या रॉडच्या वेल्डची मोडण्याची ताकदच मुळी ४९० च्या आसपास धरलेली असते. तेव्हा उत्तम वेल्डरने, उत्तम रॉडने केलेला जोडही ह्या जागी पाट्याच्या बरोबरीचा होऊ शकत नाही. तुमचा पाटा ७ मिमी असेल तर ताण ५०० वरून ३७० च्या आसपास येतो आणि टोक २५ ऐवजी १६ मिमी झुकतं, म्हणजे डुलणं कमी, आयुष्य जास्त. मी वयस्कर माणसासाठी ७ मिमीच घेईन. लांबी वाढवायची असेल तर जपून. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाला टोक आठ पट झुकतं.

तर मग पाटा बसवायचा कसा? गाडीत बसवतात तसा. कुठलाही कारखाना पाटा ॲक्सलला वेल्ड करत नाही, यू-बोल्टने आवळतो. वेल्ड मारायचा तो पाटा धरणाऱ्या भागाला. चौकटीच्या मागच्या बाजूला १० मिमी जाड एमएसची प्लेट पूर्ण वेल्ड करून घ्या. हे काम पाटा जवळपास नसताना करा. तिथे ६०१३ अगदी चालेल, एमएसला एमएस आहे. वरून दुसरी तशीच प्लेट, मध्ये पाटा, आणि दोन यू-बोल्ट किंवा चार ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉकच्या (आपोआप न सुटणाऱ्या) नटांसकट. पकड निदान ८०-१०० मिमी लांब हवी. पाट्याच्या मधलं सेंटर बोल्टचं भोक पकडीच्या आत येईल असं बघा आणि त्यातून एक बोल्ट खालच्या प्लेटमध्ये उतरवा, म्हणजे पाटा पुढेमागे सरकणार नाही. नवं भोक पाडायच्या फंदात पडू नका. साधं ड्रिल बिट पाट्यावर घसरतं, मग लोक गॅसने तापवून मऊ करतात, आणि पुन्हा तेच दुखणं.

ह्या पकडीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करायची. दोन्ही प्लेटांच्या पुढच्या कडा, जिथून पाटा बाहेर पडतो, कानशीने गोल करून घ्या, बोट फिरवलं तर धार लागता कामा नये. कापलेल्या प्लेटची धारदार कड पाट्यावर रोज घासून रेघ पाडते, आणि पाटा त्या रेघेवर तुटतो.

पाट्याची दिशाही गाडीतलीच ठेवा, टोकं वर वळलेली, पोट खाली. कारखान्यात पाट्याच्या ज्या बाजूवर ताण येणार तिला बारीक छऱ्यांचा मारा करून तयार केलेलं असतं. उलटा बसवला तर ती मेहनत वाया जाते. पुढच्या टोकाला पाट्याचा कान, म्हणजे बोल्टसाठी गोल वळवलेलं टोक, असेल तर सोन्याहून पिवळं. त्यात रबर बुश घालून बोल्टने बसायची जागा टांगा. कान नसेल तर तिथेही दोन छोट्या प्लेटांची पकड करा.

वेल्ड करताना ठिणग्या पाट्यावर उडू देऊ नका, आणि होल्डरचा रॉड चुकून पाट्याला टेकू देऊ नका. तिळाएवढा टेकल्याचा डागसुद्धा तशीच छोटी ठिसूळ जागा करतो. अर्थिंगचा चिमटा पाट्याला लावून चौकटीवर वेल्ड करणं तर अजिबात नको. पाटा कापायचा असेल तर गॅस कटर नको. ग्राइंडरची पातळ चकती घ्या, थांबत थांबत, पाणी मारत कापा. कड निळी पडली तर ती निळाई संपेपर्यंत घासून काढा, आणि घासल्याच्या रेघा पाट्याच्या लांबीच्या दिशेने येऊ द्या, आडव्या नकोत.

तरीही कुणाला पाट्याला वेल्ड करावाच लागला, तर तो फक्त मोकळ्या टोकापाशी, जिथे वाकवणारा जोर नसतो. तिथे बसायच्या जागेसाठी छोटा तुकडा लावायचा असेल तर चालतं, पण रीत पाळून. जागा चकचकीत घासा आणि गॅसने सावकाश तापवा. धातू आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा होईल. निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. ही खूण फक्त घासलेल्या पृष्ठभागावर दिसते, गंजावर नाही. हातातली इन्फ्रारेड बंदूक चकचकीत लोखंडावर चुकीचं, कमी तापमान दाखवते, तिच्यावर विसंबू नका. रॉड ७०१८, तोही ३०० अंशांच्या वर तासभर भाजलेला. घरातल्या ओव्हनने हे होत नाही, ज्या वर्कशॉपकडे रॉडची भट्टी आहे तिथूनच गरम रॉड घ्या. २.५ मिमीचा रॉड, छोटे छोटे टाके, आणि मधे तुकडा थंड होऊ द्यायचा नाही. संपल्याबरोबर तो भाग पुन्हा तापवा, अंधारात जेमतेम लाली जाणवेल तिथवर, आणि तुसाच्या कोरड्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत पुरून ठेवा. भाताच्या तुसाची राख उष्णता फार छान धरून ठेवते आणि आपल्याकडे ती कुठल्याही भातगिरणीच्या आसपास मिळते.

स्टेनलेसचा रॉड मार, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. ३१२ किंवा ३०९ जातीच्या रॉडचा वेल्ड हायड्रोजन स्वतःत सामावून घेतो, म्हणून चीर पडण्याचा धोका कमी होतो, हे खरं आहे. पण शेजारच्या पाट्याचं जे व्हायचं ते होतंच. आणि किनाऱ्यावर स्टेनलेसच्या वेल्डला लागून असलेलं साधं लोखंड जास्त वेगाने गंजतं. वर रंग नसेल तर दोन पावसाळ्यांत तिथे खड्डे दिसतील.

आता माल कुठून आणायचा. एका खुर्चीसाठी माझं स्पष्ट मत: चिपळूण किंवा रत्नागिरीला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन जीपचा किंवा छोट्या पिकअपचा नवा सुटा पाटा घ्या. तयार पाणी दिलेला, भोक पाडलेला, माप ठरलेलं. हायवेच्या कडेला पाट्यांचं काम करणारी गॅरेजं असतात, तीही आणून देतात. भंगारापेक्षा महाग पडेल, पण ह्या खुर्चीत दोनच पाटे आहेत आणि त्यावर तुमचे वडील बसणार आहेत.

भंगारातलाच घ्यायचा तर कुठल्या गाडीचा ते बघा. आपल्याकडे चिरेखाणींवरच्या ट्रकचे पाटे भंगारात ढिगाने येतात, कारण जांभ्याचे चिरे वजनाला भारी आणि खाणीचे रस्ते तसलेच. ते खुर्चीला कामाचे नाहीत. १० मिमीचा पाटा ६ मिमीपेक्षा साडेचार पटींहून जास्त ताठ असतो, वर रुंदीही जास्त. वडिलांच्या वजनाला तो हलणारसुद्धा नाही. शिवाय गाडीत पिचलेल्या पाट्यात बारीक चिरा असतात. पाटा घासून स्वच्छ करा, डिझेल लावून अर्धा तास ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर पातळ चुना फिरवा. चीर असेल तर चुना वाळल्यावर तिथे ओली काळपट रेघ उमटते. मधल्या भोकाच्या आजूबाजूला आणि कानाच्या मुळाशी नीट बघा. लाल-पांढऱ्या स्प्रेचं तपासणी किट मिळालं तर त्याहून उत्तम. खोल खड्डे पडलेला गंजका पाटा चीर नसली तरी सोडून द्या.

नवी पट्टी आणायची असेल, समजा तुम्हाला वेगळ्या मापाचा किंवा वेगळ्या वळणाचा पाटा हवा आहे, तर मुंबईकडे जाताना कळंबोलीचा लोखंड बाजार आणि कुंभार्लीने वर जाऊन कोल्हापूर, ह्या दोन जागा आहेत. ईएन ४५ किंवा एसयूपी ९ ह्या जातीचं स्प्रिंग स्टील मागा. पण लक्षात घ्या, तिथे मिळणारी जाड पट्टी बहुधा पाणी न दिलेली असते. ती तशीच लावली तर काही दिवसांत वाकून बसेल. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात ढलाई आणि मशिनिंगचे कारखाने आहेत, त्यामुळे हीट ट्रीटमेंट करून देणारेही तिकडे आहेत. आधी वाकवणं, कापणं, भोकं पाडणं सगळं उरकायचं, आणि मग पाणी द्यायला द्यायचं. गावातला लोहार पाट्याचा कोयता फार सुरेख करतो, पण धारेचं पाणी वेगळं आणि स्प्रिंगचं वेगळं, तेव्हा हे काम भट्टीत तापमान मोजणाऱ्याकडेच द्या.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर दोन सूचना. गंज काढायला ॲसिड वापरू नका आणि पाट्याला गॅल्व्हनाइझ किंवा प्लेटिंग करू नका. कडक स्टीलमध्ये ॲसिडमधून हायड्रोजन शिरतो आणि पाटा बाहेरून चांगला दिसत असतानाच मोडतो. तारेच्या ब्रशने घासा, इपॉक्सी प्रायमर मारा, वर रंग. पकडीच्या प्लेटांच्या आत ग्रीस भरून आवळा, कारण पावसाळ्यात पाणी तिथेच साचून राहतं आणि ते दिसत नाही. गणपतीच्या आधी दरवर्षी बोल्ट सोडून आत एकदा बघून घ्या.

आणि डावा पाटा, जो अजून तुटलेला नाही, तो खुर्चीतून आजच काढा. त्याच्यावरही तसाच वेल्ड आहे. वेल्ड घासून काढला तरी खालचा भाग गेलेलाच आहे, त्यामुळे तो परत वापरू नका.

नवी खुर्ची उभी राहिली की बसायच्या जागेखाली, दोन्ही पाट्यांमध्ये, चौकटीला एक आडवा पाइप वेल्ड करा आणि त्यावर जाड रबर लावा. खुर्ची रिकामी असताना जागा आणि रबर यांच्यात ४० मिमी अंतर ठेवा. कुणी धपकन बसलं तर पाटा तिथे टेकेल, ६ मिमीच्या पाट्यावरही ताण ८०० च्या आसपासच थांबेल, आणि उद्या काही मोडलंच तर माणूस दीड इंच खाली येईल, जमिनीवर पडणार नाही. मग सिमेंटची ५० किलोची दोन पोती रात्रभर ठेवा. ठेवण्याआधी जमिनीपासून पुढच्या टोकाची उंची मोजा, सकाळी पोती काढून पुन्हा मोजा. दोन-तीन मिलीमीटरहून जास्त फरक दिसला आणि बोल्ट सरकलेले नसतील, तर पाट्याचं पाणी उतरलेलं आहे. तो दुकानदाराला परत करा. फरक नसेल तर आधी तुम्ही स्वतः आठवडाभर बसा, बोल्ट पुन्हा एकदा आवळा आणि मग वडिलांना बसवा. पाट्याची जाडी आणि वडिलांचं वजन कळवलंत तर लांबी किती ठेवायची ते मी काढून देतो.